दादाच्या दारापर्यंतचा घाट

६ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तिकडे कसं आहे ते तू खरं सांगणार नाहीस, म्हणून विचारण्यात शाई घालवत नाही.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी 'ऑपरेशन' म्हटलं की तू फोन ठेवतोस. परवा तर मी नुसतं 'ऑ' म्हटलं होतं. मला 'ऑफिसातली जुनी मैत्रीण भेटली' असं सांगायचं होतं. तिची बातमी राहिली ती राहिलीच. पत्र असं ठेवून देता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि तू कागद फाडणारा माणूस नाहीस. धरणावरच्या नोकरीत जुन्या पाकिटांच्या पाठीवर हिशेब करायचास, ते मी विसरलेले नाही.

आता मुद्दा. मागच्या रविवारी फोन ठेवण्याआधी तू म्हणालास, "टाचणे, ज्या दिवशी तू सायकलवरून घाट चढून माझ्या दाराशी येशील ना, त्या दिवशी मी मुकाट्याने त्या टेबलावर आडवा होईन." आणि हसलास. हसता हसता तुला धाप लागली, तीही मला ऐकू आली.

पैज मंजूर आहे.

तू बिनधास्त बोलून गेलास, कारण तुला दोन गोष्टी पक्क्या माहीत आहेत. बस पहिल्या वळणावर वळली की माझ्या पोटातलं सगळं बाहेर येतं, म्हणून इतक्या वर्षांत मी तुझं घर पाहिलेलं नाही. आणि आमच्या गावात चढ नाही. इथे कालव्याचं पाणीसुद्धा कुणीकडे वाहायचं ते विचारून वाहतं. निवृत्तीनंतर तू तिथेच राहिलास त्याचं कारण थंड हवा नव्हे, मी तिथवर पोचू शकत नाही हे आहे, असा मला फार दिवसांचा संशय आहे.

पण सायकलवर मला मळमळत नाही. तीस वर्षं मी सूतगिरणीत सायकलने गेले, पावसात आणि समोरच्या वाऱ्यात. पाय शाबूत आहेत. एकसष्टाव्या वर्षी माझ्या वर्गातल्या निम्म्या बायका जिना उतरताना कठडा धरतात. मी धरत नाही.

अटी मी लिहिते आहे, कारण तू सोयीस्कर विसरशील. थांबायची मुभा. पाणी प्यायची, बसायची, तुला शिव्या द्यायची मुभा. सायकल हाताने ढकलत न्यायची नाही. कुठल्याही वाहनात चढवायची नाही. घाटाच्या पायथ्यापर्यंत रेल्वेने येईन. रूळ सरळ असतात.

तुझे कागद तू 'जपून ठेव' म्हणून माझ्याकडे पाठवलेस. मी जपले नाहीत, इथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवले. झडप बदलायला हवी, आणि पावसाळा लागायच्या आत. पुढे हृदय इतकं थकेल की आम्हीच नको म्हणू, असं ते म्हणाले. आयुष्यभर धरणाच्या झडपा बदलल्यास, त्यामुळे जुनी झडप तशीच ठेवली तर काय होतं ते मी तुला शिकवायला नको. आता हे ऑपरेशन फार सोपं झालं आहे, असंही ते म्हणाले. त्या 'सोपं'वर मी काही बोलले नाही. इथेही बोलत नाही.

तब्येतीला जप. जिना दिवसातून एकदाच चढ.

तुझी,
टाचणी


१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'वेडेपणा पुरे' एवढ्या दोन शब्दांसाठी तिकीट लावलंस. माघार घेतो असं त्यात कुठे लिहिलेलं नाही, म्हणजे पैज कायम आहे असं मी धरते.

तयारीची बातमी. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकल मिस्त्रीला मी म्हटलं, घाट चढायचाय. त्याने पाना खाली ठेवला.

"कुणाला?"

"मला."

"बाई, मी घाट फक्त कॅलेंडरवर पाहिलाय."

"मीही. म्हणून दोघांनी डोकं चालवायचं."

दोघांनी चालवलं. त्याने मागच्या चाकाला गिअरच्या सात चकत्या बसवल्या, त्यातली सर्वांत मोठी खायच्या बशीएवढी आहे. ती चकती लावली की पाय गरगर फिरतात आणि सायकल गोगलगायीसारखी सरकते. मिस्त्री स्वतः गल्लीत एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "यावर तुम्ही भिंतसुद्धा चढाल." आम्ही दोघंही स्वतःवर फार खूश होतो. चेन नवी, पेडल नवे, सीट रुंद. चढायला लागेल ते सगळं आम्ही बदललं.

आता सराव कुठे करायचा? बाजारातल्या गाड्या ठेवायच्या इमारतीला गोल फिरत वर जाणारा रस्ता आहे, पाच मजले. आमच्या गावातली सगळ्यांत उंच वाट ती. पहाटे गाड्या नसतात. पहारेकरी पहिल्या दिवशी अडवायला आला.

"बाई, वर काही नाही."

"मला वर काही नकोच आहे. चढच हवाय."

त्याने मला वाट करून दिली, आणि मी वेडी आहे याची सगळ्या बाजाराला बातमीही दिली. आता मासळीवाल्या बायका हाक मारून विचारतात, "आज कितव्या मजल्यावर?" मी वर जाते आणि लिफ्टने खाली येते. लिफ्टमध्ये सायकल उभी करावी लागते, मिठी मारल्यासारखी. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आता एका पहाटेत दहा वेळा वर जाते आणि घरी येऊन कपडे धुते. बाकी दिवशी बंधाऱ्यावरच्या रस्त्याने समुद्राच्या वाऱ्याला तोंड देत जाते. वारा म्हणजे आडवा पडलेला डोंगरच, असं मिस्त्रीचं मत आहे. दोघांनाही डोंगर माहीत नसल्यामुळे आमचं पटतं.

लेक रविवारी आली होती. तुझी भाची म्हणजे माझ्याहून वरचढ. दारातच सुरू झाली.

"आई, वय काय तुझं?"

"तुला माहीत आहे. फॉर्म तूच भरतेस."

"मामाला पटवायचा हा मार्ग आहे? दोघं सारखेच. आणि आई, बाबांच्या वेळेला तू..."

मी तिला भाजी चिरायला दिली. तिने चिरली. फार जाड चिरली.

जाताना मात्र तिने माझ्या सीटची उंची तपासली, थोडी वर केली आणि म्हणाली, "गुडघे दुखतील नाहीतर." म्हणजे तिचीही परवानगी मिळाली असं मी समजते.

दवाखान्यात मी नऊ एप्रिलची खाट धरून ठेवायला सांगितली आहे. तुझं नाव, तुझं वय, तुझा रक्तगट, सगळं दिलं. तेव्हा मार्चच्या शेवटी निघते आहे. अंगणातलं काही लागत असेल तर आधी कळव. माझ्याकडे पिशवी लहान आहे.

तुझी,
टाचणी


२७ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र दोन चढांच्या मधल्या पुलाजवळच्या खाणावळीतून लिहिते आहे. नकाशा तुझ्या भिंतीवर आहे, बोट ठेवून बघ. पहिला चढ, वर खिंड, मग उतरून नदी आणि पूल, आणि पुलानंतर दुसरा चढ तुझ्या धरणापर्यंत. पहिला चढ झाला. दुसरा आहे. मी ठीक आहे. डावं कोपर थोडं सोललं आहे.

क्रमाने सांगते.

सपाटीवरच्या माणसाला अंतर कळतं, उंची कळत नाही. मी पाटीवर चौदा किलोमीटर वाचले आणि मनात म्हटलं, गिरणी आणि परत. सपाटीवर एक वेग धरायचा आणि तो सोडायचा नाही, ही माझी सवय. तोच वेग घेऊन मी घाटाला लागले. दुसऱ्या वळणापर्यंत मला माझं फार कौतुक वाटत होतं. तिसऱ्या वळणावर तोंडात लोखंडाची चव आली. चौथ्यावर मी कठड्याला टेकले आणि श्वास मिळेना. तो असतो, समोर असतो, पण आत येत नाही. दादा, तुला जिन्यात जे होतं ते हे असेल, तर तू फोनवर हसतोस ते नाटक आता बंद कर. मला त्या कठड्याशी तुझा फार राग आला.

मग वेग टाकून दिला. बशीएवढ्या चकतीवर टाकली आणि लाज सोडून चालवली. एक म्हातारा चालत माझ्या पुढे निघून गेला. वर पोचल्यावर तो खिंडीतल्या दगडावर बसलेला दिसला. "आलात का?" म्हणाला. जणू आमचं ठरलं होतं.

आणि मग उतार.

उताराचा आम्ही दोघांपैकी कुणीच विचार केला नव्हता. मिस्त्रीने चढायचं सगळं बदललं. ब्रेकची रबरं तीच, कित्येक वर्षांपूर्वीची, लाकडासारखी टणक. आमच्याकडे ब्रेक दारात सायकल उभी करताना लागतो, तोही सवय म्हणून. पहिल्या वळणावर मी दाबले, लागले. दुसऱ्यावर जळका वास आला. तिसऱ्यावर नुसत्या लोखंडाचा आवाज. रस्ता वळत होता आणि मी वळत नव्हते. कडेला रस्त्याच्या कामाच्या खडीचा ढीग होता. मी ठरवून त्यात शिरले. ठरवून, हे नीट वाच, नाहीतर उगाच भाचीला फोन करशील.

उरलेला उतार सायकल धरून पायी उतरले. अट चढाची आहे. उतार पायी उतरू नये असं कुठे लिहिलेलं नाही, मी माझं पत्र आठवून पाहिलं.

खाणावळवाली बाई माझ्याच वयाची, तोंडाने माझ्याहून फटकळ. कोपराला पट्टी बांधता बांधता चौकशी.

"कुठून आलात?"

"खालून."

"खालूनच येतात सगळे. ब्रेकचं काय झालं?"

"झिजले."

"एका उतारात? बिस्किटाचे होते का? वर कोण आहे?"

"भाऊ."

"मग त्यांनाच खाली बोलवायचं."

"येत नाही, म्हणून तर."

"हं. आणि तुमचे मालक?"

"नाहीत."

"कशाने गेले?"

मी तिला सांगितलं की भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, उठून काटा सरकवला, आणि पुन्हा विचारलं नाही. वरण जास्त वाढलं.

मिस्त्रीला फोन केला. त्याने आधी कोपराची चौकशी केली. मग म्हणाला, "बाई, ब्रेक डोक्यातच आला नाही. आपल्याकडे पाय सोडला की सायकल थांबते." मी त्याला रागावणार होते. पण माझ्याही डोक्यात कुठे आला होता? नवी रबरं तो उद्याच्या बसने पाठवतो आहे. बसवायची कशी ते फोनवर सांगणार आहे.

इथून मागे गेले तरी खिंडीपलीकडे उतार आहे, पुढे आले तर परत जाताना आहे. कुठूनही सुटका नाही, तेव्हा घाबरण्यात काही अर्थ नाही. काल रात्री झोप मात्र लागली नाही. सायकलचा दोष नाही तो. ह्या नदीचा आवाज रात्रभर बंद दारामागून येत राहतो आणि मला काही बंद दारं आवडत नाहीत. असो.

परवा निघते.

तुझी,
टाचणी


२९ मार्च

प्रिय दादा,

पैज मी हरले आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

मिस्त्रीची नवी रबरं काल बसवली, आणि आज सकाळी उजाडताच पूल ओलांडला. ह्या वेळी शहाणपणाने, हळू. प्रत्येक वळणावर थांबायचं, श्वास जागेवर आला की पुढे. नवव्या वळणाशी सिमेंटचा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली.

"मावशी, टाका मागे. धरणावरच चाललोय."

"नको."

"पैसे नको हो."

"पैसे नाही, पैज आहे."

"कुणाशी?"

"भावाशी."

"मग काय, भावाला काय कळतंय?" तो म्हणाला आणि गेला. पुढच्या दोन वळणांवर तो माझ्यासाठी हॉर्न वाजवत राहिला.

त्याचं बरोबर होतं. तुला काही कळलं नसतं. आणि तुझ्या गावाच्या अलीकडे, जिथे रस्ता खडकात कोरून काढला आहे आणि आकाशाकडे निघाल्यासारखा दिसतो, तिथे माझे पाय संपले. सायकल आडवी व्हायला लागली. मी उतरले. उभी राहिले. पुन्हा बसले, दोन पेडल, पुन्हा उतरले. असं बऱ्याच वेळा. मग मी सायकल ढकलली. त्या खडकाच्या सुरुवातीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत ढकलली. कुणी पाहिलं नाही. टाकीपासून पुन्हा चालवली, आणि तुझ्या गावात चालवतच शिरले. पण मधला तुकडा ढकलला. गिरणीत मी तीस वर्षं खराब मालावर शिक्का मारला नाही, आता तुझ्यासाठी मारणार नाही.

तेव्हा तू मोकळा आहेस.

मी बसथांब्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. समोर तुझं धरण आहे. फोटोत वाटतं त्यापेक्षा फार मोठं आणि फार शांत. तुझं घरही इथून दिसतं, हिरव्या पत्र्याचं. अंगणातला खालचा एक नळ गळतो आहे. तू दुरुस्त केलेला नाहीस. म्हणजे वाकता येत नाही तुला. एवढं झालं आहे, आणि तू मला कळवलंस की हवा छान आहे.

पैज गेली ते बरंच झालं. तिच्या आडून बोलणं सोपं होतं. तू हसत होतास, मी भांडत होते, आणि ज्याबद्दल हे सगळं आहे त्याचं नाव दोघांनीही घेतलं नाही. आता घेते.

ह्यांच्या वेळी तू माझ्या शेजारी बाकावर होतास. डॉक्टर सोपं आहे म्हणाले होते. तू पेपरमधलं कोडं सोडवत होतास आणि मला आडवे शब्द विचारत होतास, मी मुद्दाम चुकीचे सांगत होते. दार उघडलं. डॉक्टर काही बोलायच्या आधीच तुला कळलं, कारण तू माझा हात धरलास. तू कधी कुणाचा हात धरत नाहीस. पुढचं सगळं तू केलंस. कागद, गाडी, माणसांना कळवणं. मी बाकावरून उठले नाही आणि तू मला उठवलं नाहीस. कुणाची चूक नव्हती. डॉक्टरांची नव्हती, तुझी नव्हती, माझीही नव्हती. कधी कधी होतं असं, आणि ते आपल्या घरात झालं.

तेव्हापासून तू कुठल्याच दवाखान्याची पायरी चढलेला नाहीस. भाचीला वाटतं, मामा टेबलाला घाबरतो. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. काल नदीच्या आवाजात पडल्या पडल्या कळलं, तू टेबलाला घाबरत नाहीस. धरणाच्या पोटात, पाण्याखालच्या अंधारात तू आयुष्यभर उतरलास. तुला भीती आहे ती बाकाची. ह्या वेळी तू आत असशील, आणि बाहेर मी एकटी. दार उघडेल तेव्हा हात धरायला कुणी नसेल. तेवढ्यासाठी तू इथे बसून राहणार, वाकता न येता, नळ गळू देत, आणि उन्हाळा जाऊ देणार.

दादा, ते तू ठरवायचं नाहीस. बाकावर कुणी बसायचं ते बसणारी ठरवेल.

ऑपरेशनमधून तू वाचशीलच अशी खात्री मी देत नाही. मला ती कुणी दिलेली नाही, आणि ज्याची खात्री नाही ते मी पुढे सरकवत नाही. बाकावर बसताना मी घाबरणार नाही असंही म्हणत नाही. मी घाबरेन. खिंडीपलीकडच्या उतारावर घाबरले तशीच. तरी बसेन. लेक येईल शेजारी, तिला मी बोलावलं आहे. ती हात धरते, तुझ्यापेक्षा बरा धरते. आणि तिला कोडी सोडवता येतात.

नऊ तारखेची खाट अजून आपली आहे. परवाच्या सकाळच्या बसने तू खाली ये, मी सायकलने मागून येते. नाही म्हणालास तर मी इथे राहते. तुझी मागची खोली रिकामी आहे, हे मला माहीत आहे. नळ मी दुरुस्त करते. तुझं नाही कितपत टिकतं ते बघते. पावसाळ्याला अजून वेळ आहे, आणि मला निवृत्त माणसासारखं भरपूर रिकामपण आहे.

आता हे पत्र घेऊन मी तुझ्या घराशी येते. बेल वाजवणार नाही. दाराखालच्या फटीतून आत सरकवीन आणि पायरीवर बसेन. घाई करू नकोस. चष्मा शोध, खुर्चीत बस, सावकाश वाच. उठताना भिंत धर.

तुझ्या बंद दाराबाहेर मी बसले आहे. बसू शकते.

तुझी,
टाचणी